मुलगा विनोदी पाहिजे

बायोडाट्यातल्या 'अपेक्षा' नावाच्या रकान्याला मी कधी घाबरलो नव्हतो. त्यात काय लिहिलेलं असतं, हे बुलढाणा जिल्ह्यातल्या कुठल्याही मामाला तोंडपाठ असतं. मुलगा नोकरीला असावा, नोकरी पुण्यात असावी, पुण्यात स्वतःचा फ्लॅट असावा, गावाकडं शेती असावी आणि त्या शेतीत मुलगा नसावा. या अटींशी कसं लढायचं, तेही आम्हाला येतं. शेतीच्या आधी 'बागायती' लावायचं. बोअरचं पाणी होळीनंतर काय करतं, यावर मौन पाळायचं. आणि आपल्या शिवारापासून समृद्धी महामार्ग किती जवळ आहे, ते ठळक टायपात छापायचं. सरकारनं तो रस्ता आमच्या दाजींना विचारूनच आखला होता, असा वाचणाऱ्याचा समज झाला तर दुरुस्त करायचा नाही.

माझी बहीण साखरखेर्ड्याला दिलेली. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, कृषी पदवीधर. सोयाबीन, तूर, दारात दोन म्हशी, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. स्वभावानं गरीब आणि बोलायला फार कमी. असं स्थळ एकेकाळी पंचक्रोशीनं वाटून घेतलं असतं. पण मध्यस्थ काकांचा फोन आला आणि दाजींच्या ओसरीवर सन्नाटा पसरला.

"पोरगी शिकेल हाय, घर चांगलं हाय, शेती चालते म्हन्ते," काका म्हणाले. "पन तिले पोरगा विनोदी पाह्यजे."

दाजींचा तंबाखू मळणारा अंगठा तळहातावरच थांबला. "विनोदी म्हंजे? सोंगाड्या?"

"नाई हो. घरच्या घरी हसवनारा."

"कायले?"

या प्रश्नाचं उत्तर काकांकडं नव्हतं. ताईनं पदर डोळ्याला लावला. "पत्रिकेत मंगळ नाई, एक नाडी नाई, सारं मोकळं हाय म्हनून खूश होती मी. आता हे कुठून निघालं?"

या साखरखेर्ड्याजवळ १७२४ साली मोठी लढाई झाली होती. निजामानं मुबारिजखानाला इथं लोळवलं आणि दख्खनचा कारभार आपल्या मुठीत घेतला. एवढी फौज, एवढे हत्ती. पण त्यातल्या एकाही सरदाराला 'विनोदी आहेस का' असं कुणी विचारल्याची नोंद नाही. आमच्या भाच्याला विचारलं.

वास्तविक तक्रार करायला आम्हाला तोंड नाही. शंभरेक वर्षांपूर्वी राम गणेश गडकऱ्यांनी 'बाळकराम' या टोपणनावानं ठकीच्या लग्नाची मोहीम लिहून महाराष्ट्राला हसवलं. त्या मोहिमेत ठकीच्या बाजूची माणसं नवरा शोधत हिंडतात. गडकरी १९१९ साली आमच्या विदर्भातच, सावनेरला, वारले. आज असते तर मोहीम उलट्या अंगानं निघालेली पाहून त्यांनी पुढचा लेख लिहायला घेतला असता. आता ठकी पदवीधर आहे, बायोडाटे तिच्या मोबाइलवर येतात, ती बोटानं वर सरकवते आणि कुणाच्या तरी आयुष्याची दोन मिनिटांत विल्हेवाट लावते. २०११च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८५५ मुली भरल्या होत्या. त्या हजारांना आता मिसरूड फुटलंय आणि ते भाच्याच्या मागं रांगेत येऊन उभे राहतायत. 'पहिला मुलगाच हवा' म्हणून नवस बोललेले लोक आता त्याच मुलासाठी सुनेचा नवस बोलतात. देवानं तरी कुणाकुणाचा नवस पुरवायचा?

सोलापुरात तर २०२२च्या डिसेंबरात लग्नाळू तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला. मागणी काय, तर नवरी मिळवून द्या. ती बातमी मी भाच्याला जुन्या मोबाइलमधून शोधून दाखवली. त्यानं फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "घोडा बरा आहे." बस. एवढ्यावरच विषय संपला. मी कपाळावर हात मारला. असल्या पोरात विनोद कुठून भरायचा?

पण मी पडलो निवृत्त मुख्याध्यापक. मेहकरला आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन दरवर्षी माझ्याकडंच असे, आणि माझ्या प्रत्येक विनोदाला शिपायापासून पर्यवेक्षकांपर्यंत सगळा स्टाफ पोट धरून हसे. निवृत्तीनंतर तीच माणसं बाजारात भेटतात, तेच विनोद ऐकतात आणि हसत नाहीत. या गूढाचा उलगडा मला अजून झालेला नाही. तरी अनुभव तो अनुभव. "पोराला माझ्या स्वाधीन करा," असं मी दाजींना सांगितलं आणि बायोडाट्यात 'निर्व्यसनी'च्या खाली 'विनोदी स्वभाव' अशी ओळ स्वहस्ते वाढवली.

पहिलं काम फोटोचं. भाच्याचा जुना फोटो इतका गंभीर होता की तो पाहून लोक आधी तारीख विचारायचे. ताईचं म्हणणं, दात दिसले की स्थळ मोडतं. मी त्याला स्टुडिओत नेला. फोटोग्राफर म्हणाला, "हसा." भाचा म्हणाला, "कशावर?" फोटोग्राफर विचारात पडला. त्यानं पडद्यावरच्या स्वित्झर्लंडकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि स्वतःच हसू लागला. फोटोत भाचा तसाच आला.

मग पाठांतर. व्हॉट्सअॅपवरचे निवडक विनोद मी वहीत उतरवून दिले. त्यातले बहुतेक सगळे 'बायको माहेरी गेली' या एकाच आनंदावर उभे असतात, हे वही भरल्यावर ध्यानात आलं. भाच्यानं वही चाळून विचारलं, "मामा, लग्न जुळवायला चाललो ना आपण?" मी त्याला गप्प केलं.

चिखलीकडच्या पहिल्या घरी पोह्यांच्या बशा आल्या, वर खोबरं-कोथिंबीर, दोन-दोन लिंबाच्या फोडी. गडी माणसं गुडघ्यावर हात ठेवून ओळीनं बसलेली. अशा बैठकीत सगळे एकमेकांच्या पायाकडं का पाहतात, कुणास ठाऊक. मी डोळ्यानं खुणावलं. भाच्यानं वहीतला सासूबाईंवरचा विनोद सांगितला. मुलीची आई आतून चहाचा ट्रे घेऊन दारापर्यंत आली होती. विनोद संपला तेव्हा ती दारात होती. आम्ही वर पाहिलं तेव्हा ती नव्हती, आणि ट्रेही नव्हता. पोहे खाऊन चहाविना उठण्याचा मान आमच्या घराण्यात पहिल्यांदाच मिळाला.

दुसरीकडं मुलीच्या आजोबांना ऐकू कमी येत होतं. "काय म्हन्ते पोरगा?" त्यांनी विचारलं. भाच्यानं विनोद पुन्हा सांगितला. "कोनाचं मेलं?" आजोबा. मुलीच्या काकांनी त्यांच्या कानाशी जाऊन तो मोठ्यानं सांगितला आणि सांगताना शेवट आधी सांगून टाकला. मग सुरुवात कुणी सांगायची यावर घरात मतभेद झाले. शेवटी आजोबांनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलवली आणि गंभीरपणानं विचारलं, "मंग त्या बाईले शेवटी डॉक्टरनं काय सांगितलं?" घरी परतताना गाडीत कुणी बोललं नाही.

त्यानंतर मी खुणेची पद्धत आणली. मी खोकललो की विनोद सांगायचा, एरवी गप्प बसायचं. पद्धत निर्दोष होती. पण दिवस तुरीच्या मळणीचे, मी सकाळभर दाजींच्या खळ्यावर उभा होतो आणि घशात तुरीची धूळ. त्या बैठकीत मला जी उबळ आली, ती पाण्यानं थांबेना, गुळानं थांबेना. भाचा आज्ञाधारक. एका खोकल्याला एक याप्रमाणे त्यानं अख्खी वही रिकामी केली. मुलीचे वडील हसायचं सोडून त्याच्या कपाळाला हात लावून पाहू लागले. मध्यस्थ काकांनी बाहेर आल्यावर मला बाजूला घेतलं. "सर, पोराले काई तरास हाय का? असला तर आधी सांगत जा."

ताई खचली. भेंडवळला अक्षय तृतीयेला घट मांडतात, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावरून पावसापाण्याचं भाकीत सांगतात. सोयाबीन कसं, कापूस कसा, पाऊस कोणत्या महिन्यात, सगळं सांगतात. "त्याइले सुनंचं इचारता येते का?" असं ती मला विचारू लागली. मी म्हटलं, तिथं पिकांचं पाहतात. ती म्हणाली, "मंग, हेबी रखडलेलं पीकच हाय न."

शेवटी दाजींचे वडील, आबा, बाजेवरून बोलले. आबांच्या मते विनोदानं सोयरीक जमणं यात नवीन काहीच नाही. जगातली सगळ्यात मोठी सोयरीक आमच्याच तालुक्यात थट्टेनं जमली. बखरीतली ती गोष्ट सिंदखेडराजाच्या परिसरात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. लखुजीराव जाधवांच्या वाड्यात रंगपंचमीचा सोहळा. मालोजीराव भोसले लहानग्या शहाजीराजांना घेऊन आलेले. शहाजी आणि जिजाऊ ही दोन लेकरं एकमेकांवर रंग उडवू लागली आणि लखुजीराव कौतुकानं थट्टेत बोलून गेले की, जोडा काय शोभून दिसतो! मालोजीराव ताडकन उठले आणि भरल्या सभेला साक्ष ठेवून म्हणाले, आजपासून जाधवराव आमचे व्याही झाले. लखुजीरावांच्या घरात पुढं या थट्टेवरून बरीच नाराजी झाली म्हणतात. इतिहासकार या कथेवर फारसा भरवसा ठेवत नाहीत. पण लग्न झालं, हे तर त्यांनाही मान्य आहे, आणि त्या लग्नानं मराठी मुलखाला काय दिलं ते सांगायला दर १२ जानेवारीला सिंदखेडराजाला लाखो माणसं लोटतात.

"म्हंजे पाहा," आबा म्हणाले, "थट्टा करनारा एक. पन ती खरी धरनारा दुसरा लागते. तुमी सारे थट्टा करनारेच घेऊन फिरून रायले."

आबांना सातवीच्या पुढं शिकता आलं नाही. पण त्यांनी बाजेवर पडल्या पडल्या जे सांगितलं, ते शोधायला परदेशी विद्वानांना बराच खर्च आला. माझी मुलगी पुण्याला मानसशास्त्र शिकते. तिनं फोनवर सांगितलं, रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञानं २८ एप्रिल १९९६च्या आठ वर्तमानपत्रांतल्या जोडीदार हवा असल्याच्या ३,७४५ जाहिराती वाचून काढल्या. त्यात बायका विनोदबुद्धी मागण्यात पुढं होत्या आणि पुरुष ती देऊ करण्यात.

"मागणी आहे, पुरवठा आहे," मी म्हटलं, "मग अडतं कुठं?"

"बाबा, सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशवीवर काय छापलेलं असतं?"

"उगवणशक्ती सत्तर टक्के."

"आणि उगवतं किती?"

मी विषय बदलला. ती बदलू देईना. कॅनडातल्या संशोधकांनी २००६ साली आणखी एक गोष्ट काढली म्हणे. विनोदी जोडीदार हवा, असं पुरुषही म्हणतात, पण बाई स्वतः विनोद करते की नाही, याचं त्यांना फारसं अप्रूप नसतं. आपल्या विनोदाला हसणारी हवी असते. मी म्हटलं, हे काही खरं नाही. स्वयंपाकघरातून आवाज आला, "त्या कॅनडावाल्यांना आपला पत्ता कुणी दिला?"

आमच्या घरच्यांनी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण रात्री माझ्या ताटाशेजारी 'आहे मनोहर तरी' हे पुस्तक येऊन पडलं. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीला नोंदणी पद्धतीनं लग्न केलं, आणि १९९० साली सुनीताबाईंनी लिहिलेलं हे पुस्तक आलं. "त्या पोरीला पाठवून द्या हे," आमच्या घरच्या म्हणाल्या. "हसवणाऱ्याच्या घरात हिशेब, कागदपत्रं, वेळापत्रकं कोण सांभाळतं, ते तिला आधीच कळू दे."

"अगं, पण सगळे काही पुलं नसतात," मी म्हटलं.

"तेच म्हणते मी. त्या बाईला बदल्यात निदान पुलं तरी मिळाले."

खरी मौज पुढंच आहे. एकदा लग्न ठरलं की आपल्याकडं विनोदाला नुसता ऊत येतो. विहिणीची खोड काढणारी गाणी म्हणायची, नवरदेवाचे बूट पळवायचे, नवरीच्या भावानं त्याचा कान पिळायचा, उखाण्यात सासऱ्याला हळूच चिमटा काढायचा. हे सगळं शास्त्रात बसवलेलं आहे. फक्त ज्या दोघांनी जन्म काढायचा, त्यांच्या पहिल्या भेटीत हसायची सोय कुणी केलेली नाही. तिथं "नाव काय", "शिक्षण किती" आणि "स्वयंपाक येतो का" एवढंच चालतं. आजकाल सुधारणा म्हणून दोघांना 'पाच मिनिटं बोलू द्या' म्हणून आतल्या खोलीत पाठवतात. त्या खोलीत भावाची वाट पाहत छतापर्यंत लागलेली सोयाबीनची पोती असतात. २०२४-२५च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात तेवढा मिळत नव्हता. असल्या हंगामात त्या थप्पीशेजारी उभं राहून कुणाला काय सुचणार?

मध्यस्थ काकांनी ज्या घरचा फोन प्रथम केला होता, त्या घरी आम्ही मुद्दाम शेवटी गेलो. वही मी जप्त केली होती. भाच्यानं काही बोलायचं नाही, वातावरण मी तयार करीन, असं ठरलं. पोहे झाले, चहा झाला. मुलगी समोर येऊन बसली. तिच्या हातात आमचा बायोडाटा होता. घडीवर घडी घालून तिनं त्याचा लहानसा चौकोन केला होता. मी माझा ठेवणीतला, गुरुजी आणि बंड्याचा विनोद काढला. हा विनोद आमच्या शाळेत अनेक वर्षं चालला होता. मी तो साभिनय सांगितला, शेवटी बंड्याचा आवाजही काढला.

पंख्याचा आवाज येत राहिला.

मुलीचे वडील भले गृहस्थ. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि आदरानं विचारलं, "मंग पुढं काय झालं, सर?"

पुढं काही नव्हतं. तेवढंच होतं. ताईनं जमिनीकडं पाहिलं, दाजींनी खिशातली तंबाखूची पुडी चाचपली. त्या शांततेत मुलीनं घडी उलगडली आणि भाच्याला विचारलं, "तुमचा विनोदी स्वभाव आहे, असं इथं लिहिलंय."

भाच्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं. "ते मामांनी लिहिलंय," तो म्हणाला. "तो त्यांचा विनोद आहे."

मुलीच्या तोंडून आधी नुसता फसकन आवाज आला. तिनं ओढणी तोंडावर धरली, पण खांदे हलू लागले. "आणि आत्ताचा, बंड्याचा?" तिनं कसंबसं विचारलं.

"तो मलाही कळला नाही. पण गाडी त्यांची आहे."

झालं. ती हसली, भाचा हसला, तिची आई दारात ट्रे खाली ठेवून हसली, मध्यस्थ काका हसले. आमची ताई, माझी सख्खी बहीण, डोळे पुसून पुसून हसली. मी सगळ्यांच्या शेवटी हसलो, कारण कुणावर हसायचं आहे ते मला उशिरा समजलं. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी अनोळखी जोड्यांना गप्पा मारायला बसवून २०१५ साली हेच मांडलं होतं, की दोघं मिळून हसली तर एकमेकांविषयीची ओढ जास्त दिसते. हे माझ्या मुलीनं मला नंतर सांगितलं. दोघांनी मिळून हसायला समोर तिसरा कुणीतरी हवा, हे हॉलसाहेबांनी लिहिलंय का माहीत नाही. पण आपल्याकडं देवानं त्यासाठीच मामा केलाय.

मागाहून मला एकेक गोष्ट उमगत गेली. 'घोडा बरा आहे' हा विनोद होता. 'कशावर?' हाही विनोद होता. फोटोग्राफरला तो कळला होता. पोरगा जन्मभर विनोद करत होता आणि त्यावर आम्ही त्याला रागावत होतो. त्याचा विनोद ऐकायला बाहेरून माणूस आणावं लागलं. आता ते माणूस आमच्याकडं सून म्हणून येतंय.

सुपारी फुटली. यादी करायच्या बैठकीत मुलीकडच्यांनी हुंडा नको, मानपान नको, बँडही साधा चालेल असं सांगितलं. अट एकच घातली, मंगल कार्यालयात माइक मामांच्या हाती द्यायचा नाही. दाजींनी क्षणाचाही विलंब न लावता मान्य केली. याद्यांवर एवढ्या पटकन सह्या झालेल्या मी प्रथमच पाहिल्या.

बातमी मात्र पसरायची ती पसरली. गेल्या बाजारी लोणारकडचे एक गृहस्थ मला शोधत आले. त्यांचा पुतण्या इंजिनिअर आहे, दिसायला चांगला आहे, पण बैठकीत घुम्यासारखा बसतो. "सर, तुमी नुसते येऊन बसा," ते अजिजीनं म्हणाले. "तो बंड्याचा सांगा. बाकीचं पोरंपोरी पाहून घेतील." मानधन विचारलं तर म्हणाले, लग्नात टॉवेल-टोपी करू.

मी होकार दिला आहे. अट एवढीच घातली, की टॉवेल कसाही चालेल, टोपी डोक्यात शिरणारी पाहिजे. आजवर मिळालेल्या सगळ्या टोप्या माझ्या टाळूवर नुसत्या टेकतात. त्यावर ते गृहस्थ मनापासून हसले. मी विनोद केलेला नव्हता.